अपोलोचा कन्सोल खरा वाटत नाही, फॉन्ट सुचवा (तातडीची मदत हवी आहे)

उलटमोजणी: दोन महिने घालवलेत, आता डोकं फिरायची वेळ आलीय. सिम्युलेटरसाठी अपोलो ११ चा लाँचचा कन्सोल करतोय. आकडे बरोबर येतात, घड्याळ बरोबर चालतं, तरी पडदा एटीएमसारखा दिसतो. सात फॉन्ट लावून झाले. आठवा कुठला लावू? फक्त नाव सांगा, शनिवारी पोरांना दाखवायचंय.

गच्चीवरचा: केनेडीचा, म्हणजे उड्डाणतळावरचा कन्सोल, की ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षाचा? सिम्युलेटर कुठलं? स्क्रीनशॉट टाकायला पैसे पडतात का?

उलटमोजणी: अहो, लाँचचा म्हटलं ना! सगळ्या फोटोंत असतो तोच. सिम्युलेटर ऑर्बिटर, दुसरं कुठलं असणार?

सोल्डरसम्राट: फॉन्ट सोडा हो, खरी मजा बटणांत. मुंबईत लॅमिंग्टन रोडला दिवा लागणारी बटणं मिळतात. आर्डुइनोच्या छोट्या कंट्रोलर बोर्डाला जोडा. मी माझ्या विमानाच्या सिम्युलेटरला चाळीस लावलीत.

गच्चीवरचा: त्यांनी बटणं विचारलीत का?

सोल्डरसम्राट: फॉन्ट बदलून काय झालं ते वाचलंत ना वर?

जुनी_ट्यूब: घोळ फॉन्टचा नाहीच. वर्णनावरून ह्यूस्टनचा पडदा वाटतोय. तिथली लेबलं कॉम्प्युटर काढतच नसे. रकान्यांची नावं, रेघा हे सगळं स्लाइडवर छापलेलं. आयबीएम ३६०/७५ या कॉम्प्युटरकडून येणारे आकडे वेगळ्या चित्रनळीवर उमटायचे. दोन्ही एकमेकांवर टाकून टीव्ही कॅमेरा ते चित्र उचलायचा, आणि कन्सोलवर ते ९४५ ओळींच्या कृष्णधवल टीव्हीवर दिसायचं. तुम्ही लेबल आणि आकडा एकाच फॉन्टात काढताय, म्हणून एटीएम. दोन थर करा, आकड्यांचा थर केसभर सरकवा, मग दोन्हींवर मिळून थोडा धूसरपणा द्या. आणि तो हिरवा रंग काढा.

उलटमोजणी: हिरवा आहे हे मी कुठे लिहिलं?

जुनी_ट्यूब: सगळे हिरवाच करतात.

मराठी_पाऊल: नेहमी अमेरिकाच का? केरळातल्या थुंब्याचं करा की. १९६३ मध्ये भारतातून पहिलं रॉकेट तिथूनच उडालं.

गच्चीवरचा: करा ना तुम्ही, वेगळा धागा काढून.

रात्रपाळी: आकडे फार शहाण्यासारखे वागत असतील तरी खोटं वाटतं. अपोलो १२ वर १४ नोव्हेंबर १९६९ ला उड्डाणानंतर ३६ सेकंदांनी वीज पडली आणि ह्यूस्टनला नुसता कचरा दिसू लागला. तिथल्या कन्सोलवरच्या जॉन एरनने तो कचरा आधी एका चाचणीत पाहिलेला, म्हणून एससीईची (यानातले सिग्नल नीट करणाऱ्या यंत्राची) कळ ‘ऑक्स’वर, म्हणजे पर्यायी जागेवर टाकायला सांगितलं आणि मोहीम वाचली. तुमच्या पडद्यावर कचरा दाखवायची सोय ठेवलीय का?

उलटमोजणी: नाही. आधी चांगले आकडे तरी दिसू देत.

उलटमोजणी: दोन थर केले. च्यायला, जमलं! बायकोसुद्धा म्हणाली, जुना टीव्ही वाटतोय. आता एकच. शनिवारी शेवटची तीन मिनिटं दाखवायचीत. ८.९ सेकंद उरले की इंजिनं पेटवायचा क्रम सुरू होतो, तो याच पडद्यावर टाकतो.

गच्चीवरचा: म्हणूनच पहिल्यांदा विचारलं होतं! उलटी मोजणी केनेडीच्या फायरिंग रूमची, म्हणजे तिथल्या उड्डाण-नियंत्रण खोलीची. यानाने मनोरा ओलांडला की मग ह्यूस्टनचा ताबा.

उलटमोजणी: म्हणजे आणखी एक पडदा करायचा? तिथे काय दिसायचं?

जुनी_ट्यूब: पडदे होते, पण कन्सोल मुख्यतः दिवे, काटे आणि बटणांनी भरलेले.

सोल्डरसम्राट: चाळीस पुरणार नाहीत. उद्या दुपारी लॅमिंग्टन रोडला येताय का?