दुसऱ्यांदा रक्तदान : आपले अनुभव सांगा

पहिले रक्तदान बहुतेकांच्या हातून महाविद्यालयातील शिबिरात, मित्रांच्या सोबतीने होते. दुसऱ्या वेळी मात्र कोणी बोलावत नाही, आणि नियमित रक्तदाता तयार होतो किंवा हातचा जातो तो नेमका तेव्हाच. पुरुषांना ९० आणि स्त्रियांना १२० दिवसांनी पुन्हा रक्त देता येते. आपण पुन्हा कसे गेलात, किंवा का जाऊ शकला नाहीत, हे सविस्तर लिहावे, ही विनंती.

*

माझ्या मुलीला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे तिच्या शरीरात पुरेसे रक्त तयार होत नाही आणि ते सतत बाहेरून द्यावे लागते. दर तीन आठवड्यांनी आम्ही सकाळीच रुग्णालयात जातो, आणि पिशवी टांगली की ती त्यावरचा क्रमांक, गट आणि तारीख मोठ्याने वाचते. दात्याचे नाव तिथे नसते, म्हणून एकदा तिने विचारले, "आई, हे काका की ताई?" मला उत्तर देता आले नाही. मे महिना आम्हाला सर्वांत अवघड जातो. लाल पेशी फार तर ४२ दिवस टिकतात, त्यामुळे जानेवारीच्या शिबिरांत कितीही पिशव्या जमल्या तरी त्या मेपर्यंत पुरत नाहीत. त्यातच परीक्षा आणि सुट्ट्यांमुळे महाविद्यालयांतील शिबिरे थांबतात, आणि रक्तपेढीतून 'उद्या या' असे ऐकून परत फिरावे लागते. एका वर्षी आठ दिवस उशीर झाला, तेव्हा ती जिना चढताना प्रत्येक वळणावर खाली बसत होती. तरुणांनी वर्षातले एक रक्तदान तरी मे महिन्यासाठी राखून ठेवावे, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे.

*

पहिल्या वेळी मला परत पाठवले होते. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात माझ्या बोटातील रक्ताचा थेंब बुडाला नाही, वरच रेंगाळला, हिमोग्लोबिन १२.५ पेक्षा कमी होते. मैत्रिणी आत पलंगावर आणि मी बाहेर खुर्चीवर, याचे फार वाईट वाटले. डॉक्टरांच्या सल्ल्याने काही महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या, आणि पुन्हा गेले तेव्हा थेंब सरळ तळाशी गेला. त्यानंतर सात वेळा रक्त दिले आहे. अशा मुलींना नुसते 'चालणार नाही' असे न सांगता पुन्हा कधी यायचे, हेही कोणीतरी सांगायला हवे.

*

राष्ट्रीय सेवा योजनेचे काम मी अकरा वर्षे पाहिले. सुरुवातीला आम्ही दात्यांना भेटवस्तू देत असू. रांग लांब लागे, पण नुकतीच होऊन गेलेली कावीळ एका मुलाने त्या भेटीपायी अर्जात लपवल्याचे कळले, तेव्हा ती पद्धत मी बंद केली. त्याऐवजी प्रमाणपत्रामागे पुढच्या रक्तदानाची तारीख लिहून देऊ लागलो, आणि त्या आठवड्यात वरच्या वर्गातील एखादा विद्यार्थी नव्या दात्याला सोबत घेऊन रक्तपेढीत जाई. एकट्याला तिथली पायरी चढायला जो संकोच वाटतो, तो दोघांना वाटत नाही.

*

मुलाला अठरा पूर्ण झाली त्याच आठवड्यात तो माझ्याबरोबर आला. वजन ४५ किलो भरते ना, हे त्याने घरी दोनदा पाहिले होते. शेजारशेजारच्या पलंगांवर आम्ही रक्त दिले, त्यामुळे आता आम्हा दोघांची पुढची तारीख एकच आहे.