मदत हवी आहे: वजनावरून मुलाला गॅदरिंगमधून काढलं, शाळेला काय लिहू?

कर्वेनगरकरीण
मुलाला गॅदरिंगच्या लेझीममधून काढलं. कारण काय, तर भाड्याने आणलेला ड्रेस त्याला होत नाही. वर डायरीत शेरा, 'वजनाकडे लक्ष द्यावे', आणि तो बाईंनी सगळ्या वर्गासमोर वाचून दाखवला. नवरा म्हणतो सोडून दे. सासूबाई म्हणतात, खात्यापित्या घरचं पोर आहे, लोकांची दृष्ट लागते. शुक्रवारी पत्र द्यायचंय. नियम काय आणि पत्र कोणाच्या नावे, एवढंच सांगा. डाएट नको, प्लीज.

चिंचेचीतालीम
वय? उंची? वजन? कितवीत आहे? काहीच लिहिलं नाहीत.

सह्याद्रीवेडा
नको म्हणालात तरी सांगतो, दीक्षित डाएट. दोनदा जेवण, मधे काही नाही. माझा पट्टा दोन भोकं आत आला.

मंदारमाला
@सह्याद्रीवेडा, अहो शाळकरी पोराला? ते अठरा वर्षांखालच्यांसाठी नाहीच.

सह्याद्रीवेडा
मग ज्वारीची भाकरी द्या. आमच्या लहानपणी कुठे होती जाडी मुलं? संध्याकाळभर पर्वतीवर असायचो.

नळस्टॉप
आणि आता सोसायटीच्या ग्राउंडवर पार्किंग. मुलांनी खेळायचं कुठे, बोनेटवर? आमच्याकडे तर 'येथे चेंडू खेळू नये' अशी पाटी लावलीय.

अ_गोडबोले_नव्हे
मुळात शाळेचा संबंध काय? कोणी किती खायचं ही ज्याची त्याची मर्जी. जाड माणूस दिसला की सल्ला द्यायचा हक्क मिळाला असं समजतात लोक. लग्नात मी दुसरी जिलबी घेतली तर शेजारची मावशी मोजत होती.

चिंचेचीतालीम
तुम्ही मोठे आहात, खुशाल चार खा. मुलाच्या ताटात काय पडतं ते तो ठरवत नाही. तिथे स्वातंत्र्य नसतं, पालकांची जबाबदारी असते.

अ_गोडबोले_नव्हे
सगळं आईवरच ढकला. शाळेच्या दाराशी वडापाव आणि कोल्ड्रिंक विकायला ठेवलंय ते कोणाची जबाबदारी?

मंदारमाला
यावर नियम आहे. एफएसएसएआयच्या (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) २०२० च्या विनियमांनुसार जास्त मेद, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेच्या कॅन्टीनमध्ये आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. कुठे पाळतात ते विचारू नका.

@कर्वेनगरकरीण, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई. पण कायदा लागतो ६ ते १४ वयाला, म्हणून वय सांगा. पत्र मुख्याध्यापकांच्या नावे, प्रत पालक-शिक्षक संघाला, पोच घ्या. शेरा डायरीत आहे, त्याचा फोटो काढून ठेवा. आणि ड्रेसचं कारण लेखी मागा. तोंडी सांगितलेलं उद्या फिरवतात.

नळस्टॉप
बारीक पोरं तरी कुठे ठणठणीत असतात? आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि विलायतेतले युडकिन, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के आणि त्या साहेबांची ९.१. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा फोटो आला होता. त्या बाई उद्या काडीसारख्या पोराला शाबासकी देतील.

कर्वेनगरकरीण
११ वर्षं, सहावी. १४२ सेंमी, ५१ किलो. मागच्या वर्षी मान काळी पडली, सासूबाई दगडाने घासतात, जात नाही. पण हे पत्रात का लागेल?

मंदारमाला
पत्रात नको, पण दगड आजच बंद करा, सोललं जाईल. ते मळाचं नसावं. जाड मुलांच्या मानेवर अशी मखमली काळी पट्टी बहुतेक वेळा इन्सुलिन नीट लागू पडत नसल्याची खूण असते. बीएमआय २५ च्या वर येतोय. मुलांचा तो वयाप्रमाणे तक्त्यावर बघतात आणि या वयाला हा लठ्ठच्या रेषेच्या वर जातो. बालरोगतज्ज्ञांकडे जा, शुगर, लिपिड, लिव्हर, बीपी बघतील. शाळा चुकली हे खरं, आणि हेही खरं. दोन्ही वेगवेगळं हाताळा.

सह्याद्रीवेडा
थायरॉइड असणार. माझ्या मेहुणीला होता.

चिंचेचीतालीम
थायरॉइडने मुलांची उंची खुंटते. याची बरी वाढलेली दिसते. डॉक्टरांना ठरवू द्या ना.

कर्वेनगरकरीण
घरी म्हणतात मी पोराला आजारी ठरवतेय. बघते. लेझीमचं काय? शनिवारी रंगीत तालीम आहे.

पेठी_शिंपीण
ड्रेस कसा आहे? शिवलेलं धोतर आणि बंडी ना? धोतराला नाडी असते, ते कोणालाही होतं. बंडी काखेखाली उसवून दोन्ही बाजूंना चार बोटांची पट्टी घालायची, लेझीम खेळताना दिसतसुद्धा नाही. अर्ध्या तासाचं काम. भाड्यावाल्याला आधी विचारा, अनामत कापतात.

नळस्टॉप
अनामतीवरून आठवलं, हॉलवाले पण हल्ली परत देत नाहीत.