१६ महिन्यांच्या लेकाचं हिमोग्लोबिन वाढतच नाही, नेमकं कारण कसं शोधायचं?

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, पण काल दुसरा रिपोर्ट हातात पडला आणि राहवेना.

माझा मुलगा १६ महिन्यांचा आहे, वजन ८ किलो ८००. दोन महिन्यांपूर्वी सर्दी-तापासाठी नेलं तेव्हा डॉक्टरांनी त्याची खालची पापणी हलकेच ओढून मला दाखवली. आतून लालबुंद दिसायला हवं, तिथे जेमतेम गुलाबी झाक होती. रोज त्याच डोळ्यांतलं काजळ पुसते, चेहरा धुते, पण माझ्या कधी लक्षात आलं नाही. हिमोग्लोबिन ८ निघालं. लोहाचे थेंब सुरू केले. काल पुन्हा तपासलं तर ८.२. दोन महिन्यांत एवढंच!

बाकीचे आकडे: एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ६१, लाल पेशी ४.१ दशलक्ष, आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातला फरक) १९.५, फेरिटिन २६. फेरिटिनपुढे 'नॉर्मल' छापलंय. म्हणजे लोह कमी नाहीच का? मग थेंब कशासाठी चाललेत? रक्त दिलं त्या दिवशी त्याला पुन्हा थोडा ताप होता, तेही सांगून ठेवते.

मागचं थोडं सांगते. गरोदरपणी माझंच हिमोग्लोबिन ७.९ होतं. बाळ ३६व्या आठवड्यात झालं, वजन २ किलो १००. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, मग पातळ पेज. नवव्या महिन्यापासून गायीचं दूध बाटलीने, कारण तो दुसरं काही तोंडात घेईना. आता दिवसाला पाच बाटल्या होतात, साधारण ९०० मिली. थेंब कडवट लागतात म्हणून मी दुधातच घालते. गेला महिनाभर तो भिंतीचा पोपडा काढून खातो. मी नजर फिरवली की बोटं तोंडात.

घरातले म्हणतात, 'रक्त कमी आहे, होईल भरून.' पण कमी का झालं, हे कुणीच सांगत नाही. माझ्याच दुधात काही कमी पडलं का, हा विचार रात्री झोपू देत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

ताई, आधी दुधाचं बघा. माझ्या मुलीचं अगदी हेच झालं होतं. पोट दुधानेच भरायचं, जेवायला जागाच उरायची नाही. सगळ्यांना वाटायचं, दूध पितेय म्हणजे अंगी लागतंय. बाटली बंद करून पेल्याने दूध सुरू केलं, तेव्हा आठवडाभर नुसता आक्रोश होता. मग हळूहळू जेवायला लागली. बाटली सोडवणं हेच खरं अवघड काम आहे, धीर सोडू नका.

प्रतिसाद २

मी बालरोगतज्ज्ञ आहे. मूल न पाहता उपचार ठरवत नाही, पण तुमच्या आकड्यांचा अर्थ सांगू शकतो.

फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, पण ताप किंवा जंतुसंसर्ग असला की ते खोटं वाढतं. पाच वर्षांखालच्या निरोगी मुलात १२च्या खाली गेलं तर साठा संपला असं धरतात, पण संसर्ग असताना हीच रेघ ३०वर नेतात. तापात आलेलं २६ हे नॉर्मल नव्हे. ते लोहाच्या कमतरतेकडेच बोट दाखवतं.

दुसरं, एमसीव्हीला लाल पेशींच्या आकड्याने भागा: ६१ भागिले ४.१, साधारण १५. हे उत्तर १३च्या खाली आलं तर थॅलेसेमिया या घराण्यातून येणाऱ्या रक्ताच्या आजाराच्या वाहकाची शंका घेतात, वर आलं तर लोहाची कमतरता जास्त संभवते. हा नुसता अंदाज आहे, निदान नाही. लोह भरून आल्यावरही पेशी लहानच राहिल्या तर मुलाची आणि तुम्हा दोघांची हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) करा. आत्ता केली तर लोहाच्या कमतरतेमुळे त्यातल्या ए-२ या प्रकाराचा आकडा खाली येऊन वाहक निसटू शकतो.

आता कारण. बाळ आईकडून लोहाचा बराचसा साठा शेवटच्या तीन महिन्यांत घेतं. पूर्ण दिवसांच्या बाळाला तो साधारण सहा महिने पुरतो. तुमचं बाळ लवकर आलं, वजन कमी होतं आणि तुमचंही हिमोग्लोबिन कमी होतं, म्हणजे शिदोरी मुळातच छोटी. अशा बाळांना दुसऱ्या महिन्यापासूनच लोह द्यायचं असतं. ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल तर ती चूक तुमची नाही. आईच्या दुधात लोह सगळ्याच आयांच्या कमी असतं, पण जे असतं ते चांगलं शोषलं जातं. तुमच्या दुधाला बोल लावू नका.

त्या छोट्या शिदोरीवर गायीचं दूध आलं. एक लिटरमध्ये लोह जेमतेम अर्धा मिलिग्रॅम, आणि या वयाच्या मुलाला रोजची गरज ७ मिलिग्रॅम. शिवाय दुधातलं कॅल्शियम आणि केसिन हे प्रथिन बाकीचं लोहही शोषू देत नाहीत. वर्षाच्या आत गायीचं दूध दिलं तर काही बाळांच्या आतड्यातून डोळ्याला न दिसणारं रक्तही जातं.

आणि थेंब तुम्ही त्याच दुधात घालताय! हिमोग्लोबिन न वाढण्याचं मोठं कारण बहुधा हेच. ड्रॉपरने, दोन जेवणांच्या मधे, दुधापासून लांब द्या. चहा तर अजिबात नको. आंबट फळाचा चमचाभर रस बरोबर चालेल. उपचाराचा डोस साधारण किलोला रोज ३ मिलिग्रॅम शुद्ध लोह, म्हणजे तुमच्या बाळाला सुमारे २६. बाटलीवर एका मिलिलीटरला 'एलिमेंटल आयर्न' (म्हणजेच शुद्ध लोह) किती लिहिलंय ते आपल्या डॉक्टरांना दाखवून हिशेब करून घ्या. दूध दिवसाला ५०० मिलीच्या आत आणा.

पोपडा खाणं हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण असू शकतं. भिंतीचा रंग जुना असेल तर त्यात शिसं असण्याची शक्यता असते, आणि लोह कमी असलेलं मूल शिसं जास्त शोषतं. शिशाची तपासणी विचारून घ्या.

प्रतिसाद ३

मी खेडोपाडी मुलांच्या आरोग्याचं काम करते. डॉक्टरांनी सांगितलंय ते अगदी खरं, फक्त एक भर घालते. २०१९च्या जागतिक अंदाजानुसार सहा महिने ते पाच वर्षांची सुमारे ४० टक्के मुलं रक्तक्षयाची होती, आणि त्यातला मोठा भार गरीब व विकसनशील देशांवर आहे. पण ही सगळीच मुलं लोहाअभावी आजारी नसतात. हिवताप लाल पेशी फोडतो. हुकवर्म (अंकुशकृमी) हे जंत आतड्याला चिकटून रोज थोडंथोडं रक्त पितात. बी-१२, फोलेट, अ जीवनसत्त्व कमी असतं. सिकलसेल, थॅलेसेमिया घराण्यातून येतात. आणि सतत जुलाब-ताप असलेल्या मुलाच्या शरीरात हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं, ते आतड्यातून लोह आत येऊच देत नाही. एकाच मुलात यातली तीन कारणं एकदम सापडलेली मी पाहिली आहेत.

म्हणून सरसकट लोह देणं मला पटत नाही. टांझानियातल्या झांझिबारच्या पेंबा बेटावर, जिथे हिवताप भरपूर, लहान मुलांना सरसकट लोह-फोलेट दिलं तर गंभीर आजार आणि मृत्यू वाढले, असं २००६मध्ये दिसून आलं. तुमच्याकडे हिवताप असेल तर त्याची तपासणी आधी करा. जंतांसाठी विचारते, तुमचा मुलगा मातीत अनवाणी फिरतो का? शौचाची तपासणी करा, जंत आणि लपलेलं रक्त दोन्हीसाठी.

मूळ लेखिका

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. थेंब दुधात घालू नयेत हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. वाचून रडू आलं, पण निदान कारण तरी कळलं. आज बाटलीवर पाहिलं, एका मिलिलीटरला २५ मिलिग्रॅम लिहिलंय, आणि मी अर्धा मिलिलीटरच देत होते. आमच्या डॉक्टरांनी फोनवर डोस वाढवून दिला, शौचाची तपासणी सांगितली आणि चार आठवड्यांनी पुन्हा रक्त. तोवर हिमोग्लोबिन किती वाढायला हवं? आणि आज शी काळपट झाली, ती थेंबांमुळेच ना?

प्रतिसाद २

चार आठवड्यांत निदान १ ग्रॅम. वाढलं तर लोहाचीच कमतरता होती असं समजा, आणि आकडा नॉर्मल झाल्यावरही साठा भरायला दोन-तीन महिने थेंब चालू ठेवावे लागतील. नाही वाढलं, तर डोस नुसता पुढे रेटू नका, दुसरी कारणं शोधायला लावा. लोहाने शी काळपट-हिरवट होतेच, घाबरू नका. डांबरासारखी चिकट झाली किंवा लाल रक्त दिसलं तर मात्र त्याच दिवशी दाखवा. धापा टाकणं, दूध ओढताना दम लागणं, एकदम सुस्त पडणं यातलं काही झालं तर रात्र असली तरी थांबू नका.