टेक्सासात राहून पीपीएल काढायचंय. सुटीत जळगाव-धुळ्याला आल्यावर ते चालेल का?

अमळनेरकर

राम राम मंडळी. मूळ अमळनेरचा, सध्या टेक्सासात एच-१बीवर नोकरी. वय ३९. छंद म्हणून खासगी वैमानिकाचं लायसन्स (पीपीएल) काढायचं ठरवलंय. चार गोष्टी विचारायच्या आहेत.

एच-१बीवर शिकता येतं का, आणि टीएसएची (अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याची) परवानगी कोणत्या टप्प्यावर लागते? रक्तदाबाची एक गोळी रोज चालू आहे, मेडिकल अडकेल का? खर्च खरोखर किती धरायचा? आणि मनातला प्रश्न असा, की मे महिन्यात गावी आल्यावर जळगाव किंवा धुळ्याच्या धावपट्टीवरून विमान भाड्याने घेऊन आई-नानांना तापीवरून एक चक्कर मारून आणता येईल का?

शिवाय धुळ्याचा भाचा बारावीला आहे. त्याला सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) करायचंय, तेही बाहेरून. त्यासाठीही सांगा.

गिरणाकाठ

भाऊ, आधी क्रम नीट लावा. पैसे वाया जातात ते क्रम चुकल्यामुळे.

व्हिसा: एच-१बीवर नोकरी सांभाळून हौसेने उडायला शिकता येतं. एच-४ वाल्यांनाही (एच-१बीवाल्यांच्या घरच्यांना) येतं. एफ-१ वाल्यांनी मूळ शिक्षण चालू ठेवून फावल्या वेळात शिकलं तर चालतं. पूर्णवेळ फ्लाइंग कोर्ससाठी एम-१ लागतो. पाहुण्याच्या व्हिसावर आलेल्याने हे करू नये. आणि एच-१बीवर उड्डाणातून एक डॉलरही कमवायचा नाही, मग हातात पुढे सीपीएल आलं तरी.

टीएसए: अमेरिकन नागरिक नसलेल्या प्रत्येकाला पहिल्या लायसन्सच्या प्रशिक्षणाआधी सुरक्षा तपासणीतून जावं लागतं. ग्रीन कार्डवाल्यांचीही त्यातून सुटका नाही. पोर्टलवर खातं काढा. पासपोर्ट, व्हिसा आणि राहिलेल्या पत्त्यांचा इतिहास भरा, फी भरा, बोटांचे ठसे द्या आणि मंजुरीची वाट पाहा. २०२४ च्या नव्या नियमापासून ही मंजुरी पाच वर्षांपर्यंत चालते, त्यामुळे पुढे इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणांवर उडायची परवानगी) करताना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नाही. मंजुरी येण्याआधी प्रशिक्षणाचा तास घेऊ नका. शाळा दाखवण्यापुरती जी 'डिस्कव्हरी फ्लाइट' देतात ती मात्र घेता येते. तीच घ्या आणि त्यात शाळा पारखा: विमान किती वेळा दुरुस्तीला उभं असतं, इन्स्ट्रक्टर टिकतात की दर तीन महिन्यांनी बदलतात, शनिवार-रविवारच्या वेळा किती आठवडे आधी भरतात. नोकरदार माणसाला तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

मेडिकल: तुम्हाला थर्ड क्लास पुरे. तपासणीच्या दिवशी वय चाळीसच्या आत असेल तर ते ६० महिने चालतं, नंतर फक्त २४. तुम्ही ३९ चे आहात, तेव्हा वाढदिवसाआधी तपासणी उरकून घ्या. नेहमीची एखाद-दुसरी रक्तदाबाची गोळी आणि दाब १५५/९५ च्या आत असेल तर बहुधा डॉक्टर त्याच दिवशी सर्टिफिकेट हातात देतो. उपचार करणाऱ्या डॉक्टरचं अलीकडचं पत्र बरोबर न्या: गोळीचं नाव, मात्रा, दुष्परिणाम नाहीत. क्लोनिडिनसारखी मेंदूवर काम करणारी गोळी असेल तर ती चालत नाही, आधी बदलून घ्यावी लागते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. मेडएक्सप्रेसचा (एफएए या अमेरिकी विमान खात्याच्या मेडिकलचा) ऑनलाइन फॉर्म भरायच्या आधी विमान-वैद्यकाशी साधी सल्लाभेट घ्या. नैराश्याची औषधं, लक्ष न लागण्यावरची औषधं, झोपेत श्वास अडकणं, मधुमेह यांपैकी काही असेल तर हे करायलाच हवं. फॉर्मचा नंबर देऊन तपासणी सुरू झाली की ती नोंद मागे घेता येत नाही. एकदा नकार लागला की ड्रायव्हिंग लायसन्सच्या जोरावर उडायची स्पोर्ट पायलटची (पीपीएलहून खालच्या लायसन्सची) वाटही बंद होते. पण म्हणून काही लपवायचंही नाही. खोटी माहिती भरणं हा गुन्हा आहे.

एरंडोलची ताई

खर्चाचं मी सांगते.

नियमात किमान ४० तास आहेत (मंजूर अभ्यासक्रमाच्या 'पार्ट १४१' शाळेत ३५), पण आठवड्यातून एक-दोनदा उडणाऱ्याला ६० ते ७५ तास लागतात. ६५ धरून हिशेब मांडा. उदाहरणादाखल विमान इंधनासकट तासाला १७० डॉलर असेल तर ११,०५०. इन्स्ट्रक्टर हवेत ४५ आणि जमिनीवर २० तास, तासाला ७० ने ४,५५०. त्यावर लेखी परीक्षा १७५, टीएसए १४०, मेडिकल दीडशे-दोनशे, चेकराइडच्या (शेवटच्या उड्डाण परीक्षेच्या) परीक्षकाची फी ९०० च्या आसपास, हेडसेट आणि पुस्तकं ६००. बेरीज साडेसतरा हजारांच्या घरात जाते. दर तुमच्या शाळेचे घाला, तास माझे ठेवा. "आठ हजारांत लायसन्स" अशी जाहिरात दिसली तर ती ४० तासांवर मांडलेली असते. सगळी रक्कम एकदम आगाऊ भरू नका. दहा तासांपुरते पैसे खात्यात ठेवा.

तास वाढतात ते मध्ये खंड पडल्याने. आठवड्यात तीनदा उडणारा ५५ तासांत होतो. पंधरा दिवसांतून एकदा उडणाऱ्याला प्रत्येक वेळी मागचं आठवण्यातच अर्धा तास जातो. त्यामुळे आधी पैसे जमवा, लेखी परीक्षा पास व्हा (६० प्रश्न, ७० टक्के, निकाल २४ महिने चालतो), आणि मग चार-पाच महिने सलग उडा.

४० तासांत काय-काय बसवायचं ते इन्स्ट्रक्टरच्या भरवशावर सोडू नका, यादी स्वतः वहीत लिहा: इन्स्ट्रक्टरसोबत २० तास, त्यात क्रॉस-कंट्री (लांबच्या विमानतळापर्यंतचा प्रवास) ३, रात्री ३ (१०० नॉटिकल मैलांहून मोठा एक प्रवास आणि पूर्ण थांबून १० लँडिंग), फक्त उपकरणांवर ३, चेकराइडच्या तयारीचे ३. सोलो (एकट्याने) १० तास, त्यात क्रॉस-कंट्री ५, एक प्रवास १५० नॉटिकल मैलांचा, तीन ठिकाणी पूर्ण थांबून आणि एक टप्पा ५० च्या वर. शिवाय टॉवर असलेल्या विमानतळावर तीन टेक-ऑफ आणि तीन लँडिंग. चेकराइडच्या दिवशी परीक्षक लॉगबुक उघडतो, रात्रीची नऊच लँडिंग सापडतात आणि परीक्षा तिथेच थांबते. हे फार वेळा होतं.

आणखी एक. आयुर्विम्याच्या कंपनीला आधी विचारा. बऱ्याच पॉलिसींत खासगी उड्डाणाचा मृत्यू वगळलेला असतो. भाड्याच्या विमानासाठीचा रेंटर्स विमाही वेगळा घ्यावा लागतो. शाळेचा विमा शाळेला वाचवतो, तुम्हाला नाही.

शिरपूरकर

चक्करेचा प्रश्न माझ्याकडे. सरळ उत्तर: नाही.

अमेरिकेचं पीपीएल अमेरिकेत नोंदलेल्या विमानावर चालतं. आपल्याकडची विमानं 'व्हीटी' नोंदणीची. त्यांच्यासाठी डीजीसीएचं (भारताच्या नागरी विमान खात्याचं) लायसन्स लागतं. दुसरी अडचण त्याहून मोठी. जळगाव विमानतळ, धुळ्याची गोंदूरची धावपट्टी, आमची शिरपूरजवळच्या तांडे गावची, तिन्ही ठिकाणी दिसतात ती छोटी विमानं प्रशिक्षणाची. सकाळी येऊन तासाच्या हिशेबाने विमान घेऊन जायचं आणि घरच्यांना बसवायचं, ही पद्धत इथे नाही.

डीजीसीएचं पीपीएल करून घ्यायचंच असेल तर ई-जीसीएवर (डीजीसीएच्या पोर्टलवर) खातं, परीक्षार्थीचा कॉम्प्युटर नंबर, हवाई नियमांसह ठरलेल्या लेखी परीक्षा, डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडून क्लास टू मेडिकल, रेडिओचा परवाना आणि इथल्या परीक्षकासोबत उड्डाण चाचणी, एवढं लागतं. तीन आठवड्यांच्या सुटीत हे बसत नाही. लेखी परीक्षा ठरावीक सत्रांत होतात. त्याभोवतीच सुटी आखावी लागते.

उडण्याची रीतही वेगळी. तिकडे वर्दळीच्या विमानतळांपासून लांब, चांगल्या हवेत, फ्लाइट प्लॅन न भरता जाता येतं. इथे उड्डाणाआधी प्लॅन भरायचा, हवाई संरक्षणाकडून एडीसी क्रमांक घ्यायचा, उड्डाण माहिती केंद्राकडून एफआयसी क्रमांक घ्यायचा, मगच इंजिन सुरू. नजरेने उडायचं, म्हणजे व्हीएफआर, ते सूर्योदय ते सूर्यास्त. अंधारात फक्त धावपट्टीजवळची प्रशिक्षणाची उड्डाणं, तीही एटीसीच्या (हवाई वाहतूक नियंत्रणाच्या) परवानगीने. अल्टिमीटर तिकडे पाऱ्याच्या इंचांत लावतात, इथे हेक्टोपास्कलमध्ये.

त्यापेक्षा आई-नाना तिकडे आले की त्यांना तिथेच बसवा. मागच्या ९० दिवसांत तीन टेक-ऑफ आणि तीन लँडिंग झालेली असली की प्रवासी नेता येतात. वजन मात्र कागदावर मांडा. सेसना १७२ एसमध्ये माणसं, सामान आणि इंधन मिळून सुमारे ८५० पौंड उचलता येतात (नेमका आकडा त्या-त्या विमानाच्या कागदात असतो). टाक्या भरल्या की ५३ गॅलनचे ३१८ पौंड तिथेच गेले. उरले ५३२, म्हणजे २४१ किलो. ८० किलोची तीन माणसं बसली की पिशवीलाही जागा नाही. चार सीट आहेत म्हणून चार माणसं बसवता येतात असं नाही. इंधन कमी भरा.

अमळनेरकर

ताई, दोघे भाऊ, मनापासून आभार. तीन शंका उरल्या. स्पोर्ट पायलट स्वस्त पडतं असं ऐकतो, ते आधी करू का? दिवाळीला मित्रांना घेऊन ह्यूस्टनला गेलो तर इंधनाचे पैसे वाटून घेता येतील का? आणि शिकायला जुलै-ऑगस्टमध्ये सुरुवात केली तर इथल्या उन्हाने बिघडतं का?

गिरणाकाठ

स्पोर्ट पायलटला किमान २० तास, आणि ऑक्टोबर २०२५ पासून त्यावर सेसना १७२ सारखं विमानही चालवता येतं. पण प्रवासी एकच, आणि हे लायसन्स आंतरराष्ट्रीय मानकात बसत नाही. कधी काळी डीजीसीएकडे जायचा विचार असेल तर पीपीएलच करा.

पैसे: इंधन, तेल, विमानतळाचे शुल्क आणि विमानाचं भाडं एवढंच वाटून घेता येतं, आणि तुमचा वाटा डोईमागे बरोबरीचा हवा. चौघे असाल तर किमान चौथा हिस्सा तुमचा. शिवाय तुम्हालाही तिथे स्वतःच्या कामाने जायचं असलं पाहिजे. "मला सोडून ये, इंधन माझं" हे चालत नाही.

ऊन: भुसावळचा मे आठवा. समुद्रसपाटीपासून ८०० फुटांवरची धावपट्टी, पारा ४४. हवा तापली की विरळ होते, जणू धावपट्टीच आणखी उंचावर गेली. प्रमाणित हवेत त्या उंचीला सुमारे १३.४ अंश हवेत, म्हणजे ३०.६ अंश जास्त. अंशामागे १२० फूट धरले तर ३,६७० फूट वाढतात. विमानाला वाटतं आपण साडेचार हजार फुटांवरून उडतोय. धाव लांबते, चढ मंदावतो. टेक्सासातही हीच गत, म्हणून सकाळी सात-आठचा तास घ्या. दुपारी जमिनीवरून उठणाऱ्या गरम झोतांनी विमान सारखं उसळतं आणि नवख्याला लँडिंगची उंची पकडता येत नाही.

आणखी एक. लायसन्सला मुदत नसते, पण दर २४ महिन्यांनी इन्स्ट्रक्टरसोबत फ्लाइट रिव्ह्यू लागतो: जमिनीवर एक तास, हवेत एक तास. पत्ता बदलला की ३० दिवसांत कळवायचा. आणि कायमचे अमळनेरला परतलात, अमेरिकेत पत्ता उरला नाही, तर एफएएच्या पोर्टलवर तिथला एक प्रतिनिधी नेमावा लागतो. २०२५ पासून हे सक्तीचं आहे. तो नसेल तर लायसन्स हातात असूनही वापरता येत नाही.

शिरपूरकर

भाच्याचं. आजच्या नियमात सीपीएलला बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. पैसा भरण्याआधी मेडिकल: पहिल्यांदा क्लास टू, मग क्लास वन. रंग ओळखण्यात दोष निघाला तर तो इथे धुळ्यात असताना कळलेला बरा, परदेशातल्या शाळेला निम्मी फी दिल्यावर नको.

बाहेरून सीपीएल करून आलेल्यांची गाडी बहुतेक लॉगबुकावर अडते. अमेरिकेत लायसन्सधारी विद्यार्थी इन्स्ट्रक्टरसोबत शिकतानाही तोच तास 'पायलट इन कमांड' (विमानाचा प्रमुख वैमानिक) म्हणून लिहू शकतो. दोन मित्र, एक डोळ्यांवर हूड (बाहेरचं दिसू न देणारी झापड) लावून आणि दुसरा बाहेर लक्ष ठेवणारा सेफ्टी पायलट, दोघेही तो तास कमांडचा लिहितात. तिथल्या नियमात ते बसतं, डीजीसीए हे तास कमांडचे मोजत नाही. लागतात एकूण २०० तास, त्यात १०० खरेखुरे कमांडचे. पहिल्या दिवसापासून दोन रकाने वेगळे ठेवायला सांगा. तिकडे वेळ दशांशात लिहितात, इथे तास-मिनिटांत. १.३ म्हणजे १ तास १८ मिनिटं. घाईत १:३० लिहिलं की बेरीज जुळत नाही आणि फाइल परत येते.

दुसरी अडचण सहा महिन्यांची. अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांत कमांडचे १५ तास आणि उड्डाण चाचण्या ताज्या लागतात. मुलं परत येतात, हवाई नियमांचा पेपर आणि नेव्हिगेशन-हवामानाचा एकत्र पेपर यांत आठ-दहा महिने घालवतात, तोवर तास शिळे होतात आणि पुन्हा इथल्या शाळेत विमानाचे पैसे भरावे लागतात. म्हणून लेखी परीक्षा जाण्याआधी देऊन ठेवलेल्या बऱ्या. रेडिओचा परवाना, म्हणजे आरटीआर, आधी दूरसंचार विभागाकडे होता, १ जानेवारी २०२५ ला लागू झालेल्या नव्या विमान कायद्याने तो डीजीसीएकडे आला. शाळा सोडण्याआधी प्रत्येक पानावर शिक्का-सही आणि तासांचं पत्र घेऊन ठेवायचं. शाळा बंद पडली तर नंतर ते देणारं कोणी नसतं.

एरंडोलची ताई

नावाचंही बघा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा, वडिलांचं नाव कधी असतं कधी नसतं. पासपोर्ट, मेडिकल, एफएएचं खातं आणि ई-जीसीए या चारही ठिकाणी अक्षरन् अक्षर एकच हवं. फरक असेल तर आधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्या.

कॉम्प्युटर नंबरसाठी दहावी-बारावीच्या गुणपत्रिका खऱ्या असल्याचं बोर्डाचं पत्र लागतं. धुळे, जळगाव, नंदुरबार हे नाशिक विभागीय मंडळाकडे येतात. भाच्याला निकाल लागल्याच्या आठवड्यातच तिथे अर्ज टाकायला सांगा, पुढे गर्दी वाढते.