सिल्क की नायलॉन? कातडीच्या टाक्यांबद्दल विचारायचंय

नवखी इंटर्न: कॅज्युअल्टीत पोस्टिंग आहे. टाके घालता येतात, पण ट्रेवर जो धागा येईल तो उचलायचा अशी सवय लागलीय. एक सर सगळीकडे सिल्क वापरतात, दुसरे कातडीवर सिल्क दिसलं की ओरडतात. कुठे काय, हे ठरवायचं कशावरून? आणि व्हर्टिकल मॅट्रेस, तो दोनदा घास घेणारा उभा टाका, नक्की कधी?

जुना सर्जन: ओरडणारे सर बरोबर आहेत. सिल्क हाताला मऊ, गाठ चटकन बसते, म्हणून जुन्या लोकांना आवडतं. पण ते विणलेलं असतं, विणीत जंतू शिरतात, शिवाय ऊती त्याच्यावर चिडतात. कातडीला एकपदरी धागा घे, म्हणजे नायलॉन किंवा प्रोलीन. हे धागे ताठ असतात आणि गाठ सुटू पाहते, म्हणून चार-पाच फेरे टाक. सुई रिव्हर्स कटिंग, म्हणजे वळणाच्या बाहेरच्या बाजूला धार असलेली.

जाडी जागेवरून ठरव; शून्याआधीचा आकडा मोठा तितका धागा बारीक. चेहऱ्याला ६-० किंवा ५-०, हाताला ५-० किंवा ४-०, धड आणि पायाला ४-० किंवा ३-०, टाळूला ३-०. टाळूवर मी निळं प्रोलीन घेतो. काळ्या केसांत काळं नायलॉन शोधत बसणाऱ्या सिस्टरची दया येते.

पण तू धाग्यात फार अडकलीस. मी आधी बघतो ते ताण. कडा ओढून आणाव्या लागत असतील तर तो भार कातडीच्या टाक्यावर टाकायचा नाही. खाली डर्मिसमध्ये, म्हणजे कातडीच्या आतल्या थरात, व्हिक्रिलचे (आपोआप विरघळणाऱ्या धाग्याचे) टाके घे, गाठ खालच्या बाजूला पुरून. व्हिक्रिलची निम्मी ताकद साधारण तीन आठवडे टिकते, तोवर जखम बऱ्यापैकी धरते. मग वरच्या टाक्याला कडा जुळवण्यापलीकडे काम उरत नाही. घाण जखमेत मात्र आत कमीत कमी धागा ठेव, आणि तळहातात खोल टाके घ्यायच्या भानगडीत पडू नकोस.

सुई कातडीत काटकोनात घाल, घास, म्हणजे सुईत येणारी कातडी, तळाशी रुंद घे, म्हणजे कडा किंचित वर उचलल्या जातात. व्रण आकसला की ते सपाट होतं. गाठ मारल्यावर कडा पांढरी पडली तर सोड आणि पुन्हा बांध. उद्या सूज येणारच आहे.

कडा आत वळत असतील किंवा गुडघ्या-कोपरावर ताण असेल, तिथे व्हर्टिकल मॅट्रेस. लांबचा घास ताण घेतो, जवळचा कडा उचलतो. चेहऱ्यावर नको, खुणा राहतात.

ओठ फाटला असेल तर भूल टोचण्याआधी लाल कडेवर पेनने खूण कर. औषधाने ओठ फुगला की ती रेषा सापडत नाही, आणि तिथे एक मिलिमीटरची चूकही लांबून दिसते. पहिला टाका तिथेच. आणि भुवई कधीही भादरायची नाही.

ड्रेसिंग रूमची सिस्टर: सर, दया आली हे वाचून बरं वाटलं! इंटर्न मॅडम, कार्डावर टाके काढायची तारीख लिहा हो. चेहऱ्याचे पाच दिवसांत, टाळूचे सात ते दहा, हातापायाचे दहा ते चौदा, सांध्यावरचे चौदा. चेहऱ्याचे दहा दिवस राहिले की शिडीसारख्या खुणा उठतात आणि पेशंट आमच्याशी भांडतो. आणि गाठीच्या शेपट्या जरा लांब ठेवा, चिमट्यात धरायला काहीतरी हवं ना.

नवखी इंटर्न: लिहीन सिस्टर, नक्की. सर, पोटरीला कुत्रा चावलेला असेल तर? नातेवाईक म्हणतात, टाके घालूनच द्या.

जुना सर्जन: म्हणू देत. साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं, जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडं) टोचायचं, रेबीजची लस सुरू करायची, जखम उघडी ठेवायची. रक्त थांबतच नसेल किंवा चेहरा फाटला असेल, तरच इम्युनोग्लोब्युलिननंतर थोडे, सैल टाके. पोटरीला घाई नाही.