सरकारी गाडी घरच्या कामाला: रोखायची कशी?

लाल_माती:
रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुका कार्यालयात वाहनांचा हिशेब माझ्याकडे आला आहे. ४ डिझेल जीप आणि १ पाण्याचा टँकर. लॉगबुकं भरलेली आहेत, सह्याही आहेत, पण सगळ्या एकाच दिवशी, एकाच शाईत केलेल्या. दोन जीप रात्री चालकांच्या घरी उभ्या असतात. कार्यालयात शेड नाही, खाऱ्या वाऱ्यात पत्रा सडतो, हे त्याचं कारण. गणपती तोंडावर आलेत. त्या आठवड्यात चाकरमान्यांना स्टेशनवरून आणायला गाड्या फिरतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. जीपीएस बसवला की हे थांबेल का? आदेशात नेमकं काय लिहायचं?

हिशेबनीस:
जीपीएसचं नंतर बघा, आधी रात्रीची चावी ताब्यात घ्या. संध्याकाळी गाडी आली की मीटरच्या आकड्याचा फोटो काढायचा, सकाळी निघताना पुन्हा काढायचा. दोन्ही आकडे जुळलेच पाहिजेत. शेड नसेल तर विश्रामगृहाच्या आवारात गाडी लावायची परवानगी लेखी मागा. पत्रा सडतो हे खरंच आहे, पण चालकाच्या अंगणातही तोच वारा असतो.

आदेशात "खाजगी वापर करू नये" एवढंच लिहून भागत नाही, त्यातून प्रत्येक जण आपला अर्थ काढतो. नावं घेऊन लिहा: मुलांना शाळेत सोडणं, बाजारहाट, स्टेशनवरून पाहुणे आणणं, आंब्याच्या पेट्या पोचवणं, लग्नकार्य. घर ते कार्यालय हा प्रवास कोणत्या पदाला मान्य आहे, तेही पदनामासह लिहा. तो मोकळा सोडला की बाकी सगळं त्याच वाटेने आत शिरतं.

लॉगबुकात सही प्रवास करणाऱ्याची आणि त्याच दिवशी. "शासकीय काम" असा हेतू चालणार नाही; गाव आणि कामाचा विषय हवा. महिन्यातून ५ नोंदी निवडा आणि त्या ग्रामपंचायतीच्या किंवा आरोग्य केंद्राच्या भेट नोंदवहीशी ताडून बघा. लॉगबुकात भेट आहे आणि तिकडच्या वहीत नाही, असं झालं की खुलासा साहेबांकडून मागायचा, चालकाकडून नाही. साहेब "चल" म्हणाले तर चालक नाही म्हणू शकत नाही. पगारातून वसुली मात्र त्याचीच होते, हा सरळ अन्याय आहे.

घाटवळण:
डिझेलचा ताळा घेतल्याशिवाय वरच्या सगळ्याला अर्थ नाही. टाकी काठोकाठ भरून मीटर लिहा, पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरा. समजा, मधे १,८०० किमी झाले आणि १८० लिटर लागलं. लिटरला १० पडले. गाडी १२ देत असेल तर १५० लिटर पुरायला हवं होतं. जास्तीच्या ३० लिटरमध्ये ३६० किमी होतात. मीटर बंद ठेवून गाडी पळवली, नाहीतर डिझेल काढलं, नाहीतर इंजिनात बिघाड आहे. आधी एअर फिल्टर, इंजेक्टर आणि ब्रेक जाम आहे का ते तपासून घ्या, मग माणसाला विचारा.

१२ हा आकडा कंपनीच्या पुस्तकातून घेऊ नका. आंबा घाट चढणारी गाडी आणि किनाऱ्याने फिरणारी गाडी यांचं अॅव्हरेज सारखं येत नाही. आपल्याच रस्त्यांवर दोन चाचण्या घ्या.

जीपीएसबद्दल: घाटात रेंज गेली तरी चांगलं यंत्र माहिती साठवून ठेवतं आणि रेंज आली की पाठवतं. त्यामुळे "रेंज नव्हती" हे उत्तर टिकत नाही. वायर काढली तर आतल्या बॅटरीवर तसा संदेश येतो. तो संदेश चालकाच्या नव्हे, तुमच्या मोबाइलवर यायला हवा. आणि इग्निशन बंद असताना नकाशावर गाडी थोडी सरकलेली दिसते, तो सिग्नलचा दोष आहे. तेवढ्यावरून कोणावर ठपका ठेवू नका.

कलम_वाचक:
अपघाताची बाजू आदेशात लिहाच. राज्य सरकारच्या गाडीला मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ मध्ये सक्तीच्या विम्यातून सूट आहे. स्थानिक संस्थेला ती आपोआप मिळत नाही, स्वतंत्र आदेश आणि निधी लागतो. तेव्हा गाडी नेमकी कोणाच्या नावावर आहे ते आरसी पुस्तकात बघा.

१९६२ च्या विद्यावती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान सरकारला भरपाईसाठी जबाबदार धरलं होतं. उदयपूरच्या कलेक्टरची जीप दुरुस्तीहून परत येत होती, म्हणजे चालक कामावरच होता. मामेभावाला आणायला गेलेली गाडी कोणाला धडकली, तर कार्यालय म्हणेल, हे आमचं काम नव्हतं. भरपाईचा बोजा मग चालकाच्या आणि गाडीत बसलेल्याच्या डोक्यावर येऊ शकतो. चालकांना हे बैठकीत नीट समजावून सांगा.

एक सवलत मात्र ठेवा. वाटेत जखमी किंवा बाळंतीण दिसली तर गाडी थांबलीच पाहिजे. नोंद नंतर, २४ तासांत.

लाल_माती:
आभारी आहे. टँकरला हे अॅव्हरेज लागू पडेल का?

घाटवळण:
नाही. पंप इंजिनावर चालत असेल तर गाडी उभी असतानाही डिझेल जळतं. त्याचा हिशेब खेपेवर ठेवा: भरण्याची वेळ, वाडीचं नाव, पाणी घेणाऱ्याची सही. आपल्याकडे टँकर मुख्यतः उन्हाळ्यात धावतात. गणपतीत त्याच्या मीटरवर किलोमीटर वाढले, तर सगळ्यात आधी त्याचाच खुलासा घ्या.