मुलगा माझीच वाक्ये मला ऐकवतो. ती थांबवावीत का?

प्रश्न (सातारा):
माझा मुलगा साडेचार वर्षांचा असून गेल्या दिवाळीनंतर त्याला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचे निदान झाले. तहान लागली की तो माझा हात धरून मला माठापाशी नेतो आणि "तुला पाणी हवंय का?" असे मलाच विचारतो. बाहेर जायचे असेल तेव्हा "मी आले हं पटकन" म्हणतो, म्हणजे दाराबाहेर पडताना मी जे म्हणते तेच, "आले"सकट. कुकरची शिट्टी झाली की कान झाकून पलंगाखाली शिरतो आणि तिथे जाहिरातीतले एकच वाक्य घोकत बसतो. बालवाडीच्या बाईंनी ही पोपटपंची थांबवायला सांगितले, म्हणून मी दोन आठवडे त्याला गप्प करत राहिले, तर त्याचे बोलणेच निम्म्यावर आले. माझे काही चुकते आहे का? एक नातेवाईक मूलपेशी (स्टेम सेल) उपचार करून घ्या म्हणून मागे लागले आहेत, ते वेगळेच.

उत्तर (वाचा-उपचारतज्ज्ञ, पुणे):
ताई, गप्प करणे आजच थांबवा. ऐकलेले बोल तसेच्या तसे उच्चारण्याला इकोलालिया म्हणतात आणि ते बहुधा निरर्थक नसते. अनेक स्वमग्न मुले सुटे शब्द जोडत भाषा शिकत नाहीत. एखाद्या प्रसंगी कानावर पडलेले अख्खे वाक्य, त्याच्या सुरासह, त्या प्रसंगाचे नाव म्हणून उचलतात. पाणी मिळण्याआधी दर वेळी "तुला पाणी हवंय का?" ऐकू येत असेल, तर त्याच्या लेखी पाणी मागण्याचे वाक्य तेच आहे. मराठीत क्रियापद लिंगाप्रमाणे बदलत असल्याने वाक्य कोणाकडून घेतले हेही कळते, हा आमच्या कामातला एक गमतीचा भाग.

म्हणून प्रश्न विचारण्याऐवजी त्याच्या तोंडी शोभेल असे वाक्य तुम्ही म्हणा. पेला हातात घेऊन "मला पाणी हवंय" म्हणा, दार उघडताना "मी बाहेर चाललो" म्हणा. त्याने पुन्हा म्हणून दाखवलेच पाहिजे असा आग्रह मात्र धरू नका आणि पाणी अडवून ठेवू नका. चित्रांची कार्डे वापरल्याने बोलणे मागे पडत नाही. श्रवणचाचणी झाली नसेल, तर ती आधी करून घ्या, कारण आवाजाने दचकणाऱ्या मुलालाही काही स्वर कमी ऐकू येत असू शकतात.

उत्तर (एक वडील, नाशिक):
आमचा मुलगा आता चौदा वर्षांचा आहे. तोही भीती वाटली की रेल्वे स्थानकावरची उद्घोषणा म्हणायचा. ती सुरू झाली की आसपास काय खुपते आहे ते आम्ही शोधू लागलो. कुकर लावण्यापूर्वी त्याला दाखवून, "आता तीन शिट्ट्या होतील" असे सांगून पाहा. आमच्याकडे त्याने शिट्ट्या मोजायला सुरुवात केली आणि पलंगाखाली जाणे कमी झाले.

मूलपेशींच्या मागे लागू नका. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार काही रक्तविकार वगळता हे उपचार संशोधनाच्या कक्षेतच येतात. तो पैसा वाचा-उपचारांसाठी आणि व्यवसायोपचारासाठी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामे जमावीत म्हणूनचे उपचार) ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, तेव्हा जिल्हा रुग्णालयात प्रमाणपत्राची चौकशी करा. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमासंरक्षण मिळते. बालवाडीच्या बाईंना वरचे उत्तर छापून द्या, तोंडी सांगितलेले आमच्या वेळी कोणी मनावर घेतले नव्हते.